‘कायले भेतं बे?’ असं कॅमेऱ्यामागून ओरडणाऱ्यास खुले पत्र

कॅमेऱ्यामागच्या पोरा,

पत्र उघड्यावर लिहिते आहे, कारण पाकिटावर घालायला तुझं नाव माझ्याकडे नाही. ते कोणाकडेच नसतं. पुरात वाहून गेलेल्याचं नाव पंचनाम्यात येतं, तलवारीने केक कापणाऱ्याचं पोलीस ठाण्यात लिहिलं जातं, ट्रिपल सीट घसरलेल्यांची नावं दवाखान्याच्या कागदावर चढतात. फोन कोणाच्या हातात होता, हे विचारायचं कोणाला सुचत नाही. व्हिडिओत तू दिसत नाहीस, फक्त ऐकू येतोस. “कायले भेतं बे? अजून समोर जाय ना. थांब, पुन्हा एक डाव, हे बराबर नाही आलं.” पाणी मित्राच्या गुडघ्यापर्यंत चढलेलं असतं आणि तुला काळजी असते उजेड कोणत्या बाजूने येतो त्याची. हात मात्र तुझा कमालीचा स्थिर. एवढ्या स्थिर हाताने तू त्याची कॉलर धरली असतीस, तर मला हे लिहायचं काम पडलं नसतं.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात तुला बाराही महिने काम असतं. पावसाळ्यात निळोणा आणि चापडोहची धरणं भरून वाहू लागली की तू तिथे. पैनगंगेला पाणी आलं की सहस्रकुंड धबधब्याच्या कातळावर तू. दिवाळीनंतर वाढदिवसांचा हंगाम. रात्री बाराला चौकात गाड्या लावायच्या, बोनेटवर केक ठेवायचा, कोणाच्या तरी काकाच्या घरातली तलवार आणायची आणि मागे ‘भाई’चं गाणं वाजवायचं. उन्हाळ्यात रिकामा हायवे. एका हाताने हँडल आणि दुसऱ्या हाताने मोबाइल धरून स्पीडोमीटरचा काटा दाखवायचा. मागे बसलेला तूच असतोस, किंवा स्टेटस बघून “एवढीच का?” असं लिहिणारा तू असतोस. दोन्ही ठिकाणी काम एकच.

तुला शोधायला आम्ही मोठ्या माणसांनी फार वेळ लावला, आणि तेवढा वेळ तू निवांत होतास.

२०१७ आठव. जुलैच्या शेवटी अंधेरीतला १४ वर्षांचा मुलगा गेला आणि त्याचा संबंध ‘ब्लू व्हेल’ नावाच्या खेळाशी जोडला गेला. ऑगस्टमध्ये सोलापूरचा एक मुलगा घरातून निघाला, तो भिगवणला बसमधून उतरवून घेतला गेला. तिथेही हेच नाव निघालं. मग राज्यभरच्या शाळांत सूचना गेल्या, पालकसभा झाल्या. आईबाप रात्री झोपलेल्या लेकरांच्या बाह्या वर करून हातावर माशाची आकृती कोरली आहे का ते बघू लागले. दूर रशियात बसलेला कोणी अनोळखी माणूस आपल्या पोरांना पन्नास कामं देतो आणि शेवटचं काम मरणाचं असतं, हे आम्हाला पटलं. पटण्यासारखंच होतं, कारण तो राक्षस परका होता. पुढे सरकारने समिती नेमली, मुलांच्या फोनचा आणि इंटरनेटच्या वापराचा तपास झाला. जानेवारी २०१८ मध्ये गृह राज्यमंत्री हंसराज अहीर यांनी लोकसभेत सांगितलं की यांपैकी एकाही घटनेत त्या खेळाचा हात असल्याचं सिद्ध झालेलं नाही. अहीर तेव्हा चंद्रपूरचे खासदार होते, म्हणजे आपल्या वणी आणि आर्णीचेही. त्यांचं उत्तर आपल्या जिल्ह्यात किती घरांत पोचलं, देव जाणे. भीती घरोघर पोचली होती.

परका माणूस सापडला नाही, तेव्हा आम्ही फोनलाच पकडलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये पुसद तालुक्यातल्या बान्सी गावाने ग्रामसभेत ठराव घेतला, १८ वर्षांखालच्या मुलांना मोबाइलबंदी. सरपंच गजानन टाले यांनी कारण सांगितलं ते कोणत्याही घरात पटेल असंच होतं: कोरोनाच्या काळात शिकण्यासाठी फोन हातात आला, शाळा सुरू झाल्या तरी तो सुटला नाही, पोरं खेळात आणि नको त्या गोष्टींत अडकली. अंमल करणं अवघड जाईल, हेही त्यांनी मोकळेपणाने मान्य केलं. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवायची रीत पाडली. या दोन्ही गावांबद्दल मला आदर आहे. दिल्ली-मुंबईत परिसंवाद भरत होते तेव्हा या गावांनी निदान एकत्र बसून काहीतरी ठरवलं.

पण बान्सीच्या ठरावातही तू सुटलास. फोन पोराच्या हातातून काढून घेता येतो, तुला कुठून काढायचं? शाळेत शेजारच्या बाकावर तू, पानठेल्यावर तू, मैदानावर तू. त्याच्याकडे फोन नसला तरी तुझ्याकडे आहे, आणि शूटिंगला एकच फोन लागतो.

आता पुरावा. तुला वाटत असेल, बाई उगाच आरोप करते आहे.

२००५ साली अमेरिकेतल्या टेम्पल विद्यापीठाच्या मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी ३०६ जणांना संगणकावर गाडी चालवायचा खेळ दिला. सिग्नल पिवळा होतो, तरी पुढे जात राहिलं की गुण वाढतात, पण कोणत्याही क्षणी गाडी आदळू शकते आणि सगळं जातं. खेळणाऱ्यांत तीन वयोगट होते: १३ ते १६, १८ ते २२ आणि २४ च्या पुढचे. एकटे खेळले तेव्हा पोरं आणि मोठी माणसं जवळपास सारखीच सावध होती. हे वाक्य मला तुझ्या भिंतीवर लिहून ठेवावंसं वाटतं. तुझा मित्र एकटा असताना मूर्ख नसतो. नाल्याला पाणी किती आहे ते त्याला दिसतं, तो गावचाच पोरगा आहे. मग त्याच पोरांच्या मागे त्यांचे दोस्त उभे केले, बघायला आणि बोलायला. १३ ते १६ च्या पोरांनी घेतलेला धोका दुपटीच्या घरात गेला. चोविशीपुढच्यांत काही फरक पडला नाही.

सहा वर्षांनी जेसन चाइन आणि स्टाइनबर्ग यांनी असाच खेळ मेंदूचं चित्र काढणाऱ्या यंत्रात झोपवून खेळायला दिला. यंत्रात दोस्ताला जागा कुठली? दोस्त दुसऱ्या खोलीत बसले आणि पडद्यावर बघत राहिले. खेळणाऱ्याला फक्त एवढंच माहीत होतं की ते बघत आहेत. तेवढंही पुरलं. किशोरांच्या मेंदूतला बक्षिसाच्या आशेने पेटणारा भाग जोरात पेटला, मोठ्यांचा पेटला नाही. बघ, दुसऱ्या खोलीत बसून! तू तर दुसऱ्या गावात असतोस. दिग्रसला बसून दारव्ह्याच्या पोराचं स्टेटस बघतोस आणि आगीची तीन चित्रं पाठवतोस. पूर्वी दोस्तांची टोळी संध्याकाळी घरी जायची, दिवे लागले की पोरगा एकटा व्हायचा, आणि एकटा झाला की शुद्धीवर यायचा. ती सुटका तू काढून घेतलीस. त्याच्या उशाशी आता रात्रभर कोणीतरी बघत असतं.

आणखी एक सांगते. २०१६ मध्ये लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात लॉरेन शर्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १३ ते १८ वयाच्या ३२ मुलामुलींना इन्स्टाग्रामसारखी चित्रं दाखवली. चित्राखाली लाइकचे आकडे होते आणि ते आकडे संशोधकांनी स्वतःच ठरवून टाकले होते. तेच चित्र जास्त लाइक दाखवून समोर आणलं की पोरांना ते जास्त आवडायचं. दारू-सिगारेटसारखी धोक्याची चित्रं बघताना मेंदूतला आवर घालणारा भाग थंडावत होता. खोट्या आकड्यांनी एवढं होतं, तर तुझ्या खऱ्या लाइकने काय होत असेल?

कॅलिफोर्नियातल्या दहावीच्या १,५६३ मुलांचा अभ्यास २०१४ मध्ये छापून आला. ऑनलाइन मित्र किती आहेत, या आकड्याचा सिगारेट-दारूशी संबंध दिसला नाही. मित्रांनी टाकलेले पार्टीचे आणि पिण्याचे फोटो बघण्याचा मात्र दिसला. म्हणजे पाचशे मित्र असणं हा गुन्हा नव्हे. त्यांतल्या एकाने रोज काय दाखवलं, हा प्रश्न आहे.

आपल्याकडचं सांगू? या जिल्ह्यातल्या बायका ‘स्वामिनी’च्या आंदोलनात दारूबंदीसाठी वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरल्या. नवऱ्याच्या बाटलीने ज्यांचं आयुष्य खाल्लं अशा बायका. त्यांच्याच घरातला सोळा वर्षांचा पोरगा शेतातल्या पार्टीत बिअरचा ग्लास धरतो, पहिल्यांदाच, तोंड वाकडं करून. तू ते तोंड वाकडं होण्याआधीचा क्षण टिपतोस आणि ‘चिल सीन’ लिहून टाकतोस. तंबाखू-सुपारीच्या खर्र्याचंही तसंच. ज्या पोराने कधी तोंडात धरला नाही, त्याला सगळ्यांच्या स्टेटसवर घोटलेला खर्रा दिसतो आणि वाटतं, आपणच मागे राहिलो. त्याला कोणी दम दिला नाही, कोणी ओढून नेलं नाही. तू फक्त दाखवत राहिलास.

पाण्याबद्दल मात्र मला थांबून बोलायचं आहे, कारण पाणी दुसरी संधी देत नाही.

९ जुलै २०१७, रविवार. नागपूरजवळच्या वेणा जलाशयात तरुणांची नाव उलटली आणि आठ जण बुडाले. थोड्या वेळापूर्वी त्याच नावेतून फेसबुक लाइव्ह चालू होतं. हसणारे चेहरे आहेत, मागे पाणी आहे, घरी बसलेले मित्र बघत आहेत. तो व्हिडिओ मी एकदाच बघितला आणि पुन्हा बघणार नाही. आणि जीव जायला पाणीच लागतं असंही नाही. जून २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात सुलीभंजनच्या डोंगरावर एक तरुणी गाडी मागे घेत होती, तिचा मित्र शूटिंग करत होता. गाडी मागे सरकत दरीत गेली. त्या मित्राला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही; तो ओरडला, धावला. पण ओरडायची वेळ गाडी सुरू होण्याआधीची होती. त्याच्यासारखा जन्मभराचा भार तुझ्यावर येऊ नये, म्हणून तर एवढी कठोर बोलते आहे.

आणि पाणी काय करतं हे तुला पुस्तकातून शिकावं लागत नाही. २८ सप्टेंबर २०२१ ला उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यावर पुलावरून पाणी चाललं असताना एसटी घातली गेली आणि ती वाहून गेली. माणसं गेली. काठावरून काढलेला व्हिडिओ राज्यभर फिरला, तुझ्याही फोनवर आला असेल. जुलै २०२३ मध्ये महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्यावर लोक अडकले तेव्हा वायुदलाची हेलिकॉप्टर मागवावी लागली. आपले नाले उन्हाळ्यात कोरडे असतात म्हणून त्यांना कोणी भीत नाही. माथ्यावर पाऊस पडला की अर्ध्या तासात ते एसटी उचलतात, मग साठ किलोचं पोरगं ते काय.

वेगाचीही एक गोष्ट ऐक. स्नॅपचॅटने एक सोय दिली होती, चालत्या गाडीचा वेग फोटोवर छापायची. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात तीन पोरं त्या सोयीसह गाडी पळवत होती, दोघं १७ वर्षांची आणि एक २० चा. वेग ताशी १२३ मैल गेला, म्हणजे जवळपास १९८ किलोमीटर. तिघंही गेली. आईबाप कोर्टात लढले. मे २०२१ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने सांगितलं की अशी सोय घडवणाऱ्या कंपनीवरचा खटला चालू शकतो, आणि पुढच्याच महिन्यात कंपनीने ती सोय काढून टाकली. कोणाला तरी दाखवायचा म्हणून वाढवलेला वेग होता तो. आपल्या हायवेवर तशा सोयीचीही गरज नाही. तू आहेस ना मागच्या सीटवर, काट्यावर कॅमेरा धरून.

पैसे कोण भरतं, तेही बघून ठेव. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन पोराने गाडी चालवताना गुन्हा केला तर त्याच्या बापाला किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते आणि पोराला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. कापसाच्या पैशावर घेतलेली गाडी. तलवार हातात घेऊन स्टेटस टाकलं की शस्त्र कायदा लागतो. पोरगा अठराच्या आतला असला तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं, आणि २०१५ चा बाल न्याय कायदा इतका उदार आहे की बहुतेक प्रकरणांत ती नोंद पुढे नष्ट करायची सोय त्यात आहे. सरकारने पुसलेलं तू पुसू देत नाहीस. चार वर्षांनी तो पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर धावत असतो, आणि कोणीतरी तुझी जुनी रील काढून ग्रुपवर टाकतं.

आता ज्या कामाबद्दल तुझा मला सर्वांत जास्त राग आहे, त्याकडे येते. त्यात पाणी नाही, गाडी नाही, तलवार नाही. एका मुलीने एका मुलाला विश्वासाने फोटो पाठवला. त्याने तो तुला दाखवला. तू म्हणालास, “पाठव ना, आपल्याच ग्रुपमध्ये राहील.” ग्रुपमध्ये अठरा जण. अठरा जणांचे आणखी अठरा ग्रुप. दोन दिवसांत तो फोटो तिच्या मामाच्या गावाला पोचला.

तुझ्या लेखी ही गंमत. कायद्याच्या लेखी अठरा वर्षांखालच्या मुलीचं असं चित्र जवळ ठेवणं आणि पुढे पाठवणं हे २०१२ च्या पॉक्सो कायद्यामध्ये आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७-ब कलमात बसतं. पण मला कायद्यापेक्षा तिच्या घरात पुढे काय होतं ते सांगायचं आहे. तिचा फोन जातो. मग शाळा जाते, कारण एसटीने तालुक्याला जायला परवानगी राहत नाही. मग कोणीतरी स्थळ आणतं आणि वयाचा दाखला कोणी बघत नाही. ज्याने पाठवला त्याची शाळा चालू, अठराही जणांची शाळा चालू, तुझी तर चालूच. आपल्याकडे मुलींच्या हाती स्वतःचा फोन आधीच मुलांपेक्षा कमी असतो. तू एकदा ‘फॉरवर्ड’ दाबलंस की अख्ख्या गावातल्या मुलींचे फोन काढून घ्यायला बापांना कारण मिळतं. बान्सीसारखे ठराव का होतात असं तू विचारतोस ना? तुझ्यामुळे होतात.

आता तुला वाटेल की सगळं माझ्यावरच ढकललं. नाही, तुझ्यावर ढकलून मोकळी होणार नाही.

तुला कामाला लावणारे आहेत. फेसबुकने फेब्रुवारी २००९ मध्ये लाइकचं बटण आणलं, तेव्हापासून तुझ्या नुसत्या बघण्याचा आकडा झाला. दोस्ताने दाद देणं जुनंच आहे. कुस्तीच्या फडात, पोळ्याला, शंकरपटात पोरं दोस्तांच्या ओरडण्यावर चेकाळायचीच. ती दाद मोजून, साठवून, उद्या कोणाला काय दाखवायचं हे त्यावरून ठरवणं मात्र नवीन आहे. २०२१ मध्ये फ्रान्सिस हॉगन या फेसबुकमध्ये काम केलेल्या बाईने आतले कागद बाहेर आणले, त्यात कंपनीचेच लोक किशोरींवर होणाऱ्या परिणामाबद्दल लिहीत होते. त्यांना ठाऊक होतं. शेतात कापूस वेचणाऱ्या बाईला किलोमागे मजुरी मिळते. तू दिवसभर त्यांच्यासाठी दोस्तांचे जीव वेचतोस आणि तुला दमडी मिळत नाही.

आणि आमचं? चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर हातात तलवार घेतलेला ‘भाऊ’ आम्हीच चालवून घेतला. त्याच्या मिरवणुकीत तुला कॅमेरा घेऊन उभं केलं. तू तिथेच शिकलास. गुरुपौर्णिमेला त्या भाऊंना हार घाल.

कायदे होत आहेत. आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने अठराच्या आतल्यांना बालक धरलं, त्यांच्यासाठी पालकांची संमती मागितली आणि त्यांच्यावर पाळत ठेवून जाहिराती मारायला मनाई केली. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळाखालच्यांची समाजमाध्यमांवरची खाती बंद करायला लावली. करोत. त्या सगळ्याचा रोख कंपनीवर आहे आणि तसाच असावा. पण नाल्याच्या काठावर कंपनी नसते. तू असतोस.

तुझ्याशी बोलते आहे कारण तुझ्याशिवाय भागत नाही. शिक्षणाची स्थिती तपासणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या ८२.२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. आदल्या आठवड्यात ५७ टक्क्यांनी तो अभ्यासासाठी वापरला होता, ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. ७६ टक्के पोरांना घरात कोंडून ठेवता येत नाही आणि ठेवूही नये. पुसद-उमरखेडच्या तांड्यांवरून कुटुंबं ऊसतोडीला जातात, पोरगं सहा महिने परक्या फडावर राहतं. त्याला गावातल्या दोस्तांचा आवाज फोनवरच ऐकू येतो. झरी जामणीच्या मुलीला आश्रमशाळेत काही सलत असेल, तर ती आईआधी मैत्रिणीला लिहील. ही मैत्री तोडायचा सल्ला देणाऱ्या मोठ्या माणसांशी माझं भांडण आहे. ज्या दोस्ताच्या डोळ्यांसाठी पोरगा पुरात उतरतो, त्याच दोस्ताच्या एका शब्दावर तो काठावर परत येतो. माझं ऐकून तो येणार नाही. मास्तरांचं ऐकून तर नाहीच.

स्टाइनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच २०१६ मध्ये आणखी एक गोष्ट छापली. १८ ते २२ च्या पोरांच्या घोळक्यात थोडा मोठा, पंचविशी ओलांडलेला एक माणूस बसवला, तेव्हा ती पोरं एकटी असताना जेवढी शहाणी असतात तेवढी शहाणी वागली. एक दादा पुरला. आपल्याकडे असे दादा आहेत. भरतीची तयारी करून घेणारा आहे, कबड्डीच्या संघाचा आहे, गणेश मंडळाचा आहे, पुण्याहून नोकरी करून परत आलेला आहे. तुमच्या ग्रुपात असा एक घ्या. अॅडमिन त्याला करा.

तुझ्याकडून मला हवं ते थोडं आहे. मित्र काठाकडे निघाला की कॅमेरा चालू करू नकोस. बघणारं कोणी नसलं की त्यातले बरेच जण परत फिरतात, हे तुला वर पुराव्यानिशी सांगितलं. तलवारीचा फोटो आला तर आगीचं चित्र नको पाठवूस. त्याला खाजगीत फोन कर आणि म्हण, “काढ बे ते, बापाले ठाण्यात बसवशील.” ग्रुपात मुलीचा फोटो आला तर पुढे पाठवू नकोस, हसू नकोस, गप्पही राहू नकोस. घरातल्या किंवा शाळेतल्या ज्या मोठ्या माणसावर विश्वास आहे त्याला त्याच दिवशी सांग. मुलीला १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक दे, आणि सायबर गुन्ह्यांसाठी १९३० आहे. तिला दोष देणारं एक वाक्यही लिहू नकोस.

आणि एवढं करूनही कोणी पाण्यात पडलाच, तर त्याच्यामागे उडी टाकू नकोस. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईत वांद्र्याच्या समुद्रात सेल्फी घेताना पडलेल्या मुलींना वाचवायला गेलेला माणूसही बुडाला. त्याची तरी चूक कुठे होती? तू काठावर पोटावर आडवा हो. दोर, लांब काठी, ओढणी, गाडीची ट्यूब, बूच लावलेला रिकामा डबा, जे हाताशी येईल ते त्याच्याकडे फेक. गावात ओरड. ११२ लाव, १०८ लाव. त्यासाठी फोन मोकळा पाहिजे.

तुझ्या आईच्या वयाची,
यवतमाळची एक बाई